मेंढीला वर्गात येऊ द्या

आज माळशिरस तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांशी बोलायचंय. बाकीच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही.

दहावीच्या विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा आनुवंशिकतेचा. शाळा उघडतात, पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पुढे जाते, आणि आपण वर्गात डीएनए, आरएनए, उत्परिवर्तन उरकत असतो. मुलं पाठ करतात, गुणही पडतात. पण ‘सर, हे कशावरून कळलं?’ असं एकही पोर विचारत नाही. माझं दुखणं तेवढंच आहे.

आता त्याच पालखीच्या वाटेवरचं फलटण घ्या. तिथं बी. व्ही. निंबकरांनी 1968 साली कृषी संशोधन संस्था सुरू केली. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोल मेंढी अंगानं ठेंगणी, पण जुळी-तिळी देणारी. या गुणामागे मुख्यतः एकच जनुक आहे, फेक-बी. निंबकर संस्थेनं गरोलचा दख्खनीशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांकडे वळवल्या. त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली.

हे विरजणासारखं आहे. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं, आपल्या म्हशीच्या दुधाला लावलं. उद्या त्याच दह्यातला चमचा नव्या दुधाला, परवा पुन्हा. आठवड्यानं शेजारणीचं दही शोधून सापडायचं नाही, पण दही लागतंय. गरोलचा वाटाही असाच आठ आणे, चार आणे, दोन आणे होत जातो आणि जुळ्यांचा गुण टिकतो. फरक एवढाच, की विरजण सगळ्या दुधाला लागतं. जनुकाची एकच प्रत असलेला मेंढा मात्र ती सरासरीनं निम्म्याच कोकरांना देतो. म्हणजे कुठल्या वाटीत लागलं, कुठल्या नाही, हे प्रत्येक वेळी बघायला हवं. आणि मेंढा तर विणारच नाही! त्याच्या वाटीवर झाकण. पूर्वी त्याच्या लेकी मोठ्या होऊन विईपर्यंत थांबावं लागे.

मग 2001 साली या जनुकातलं उत्परिवर्तन नेमकं सापडलं. डीएनएतलं एकच अक्षर बदललंय, अ‍ॅडेनीनच्या जागी ग्वानीन. त्यामुळे प्रथिनातलं 249 वं अमिनो आम्ल ग्लुटामीनऐवजी आर्जिनीन होतं, आणि एका वेळी जास्त बीजांडं पक्व होतात. आता कोकराच्या रक्तावरून उत्तर मिळतं, मेंढा असो की मेंढी. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचीही साथ होती. हेच उत्परिवर्तन ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनो मेंढीतही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मेंढ्या जहाजानं तिकडे गेल्या होत्या, आणि… ती गोष्ट मोठी आहे, राहू दे. घड्याळ पुढं चाललंय.

मुद्दा पुन्हा सांगतो, कारण तोच निसटतो. नवं संशोधन वर्गात नेणं म्हणजे फळ्यावर आणखी एक अवघड नाव लिहिणं नव्हे. कशावरून कळलं, ते सांगा. आधी काय दिसलं, शंका कशाची आली, मेंढ्याचं घोडं कुठं अडलं, रक्ताच्या तपासणीनं काय सुटलं.

साधनं नाहीत म्हणू नका. चिंचोका फोडा. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. तपकिरी म्हणजे जुळ्यांचं जनुक. मुलांना शंभरदा टाकायला लावा, निम्म्याचा हिशेब हाताला कळेल. मग दोन चिंचोके एकदम टाका, दोन्ही पालकांत एकेक प्रत आहे असं समजून. आणि वर्गात धनगराचं पोर असेलच, त्याला विचारा: दोन प्रती आल्या म्हणून कोकरं दुप्पट होतील? होत नाहीत. आणि जुळ्यांच्या आईला चारा किती जादा लागतो? हे आपल्यापेक्षा त्याला जास्त माहीत आहे. त्याला एकदा तरी शिकवू द्या की!

शिक्षकांना एकट्यावर सोडून हे होणार नाही, हेही खरं. प्रशिक्षणात पडद्यावरची चित्रं दाखवून दिवस संपवण्यापेक्षा संशोधन करणाऱ्या माणसाला समोर बसवा, शिक्षकांना उलटसुलट विचारू द्या. पंचायत समितीनं मनावर घेतलं तर… असो, वेळ संपत आली.

फलटणला सहल न्यायची असेल तर संस्थेला आधी पत्र लिहा, आणि मुलांचे प्रश्न त्या पत्रासोबतच पाठवा.