घाटातली लहान मोटार

श्रोतेहो, कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणाऱ्या आगगाडीला मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडलेली आपण नाशिककरांनी कितीदा तरी पाहिली आहेत. तिथला चढच तसा आहे. 37 फूट पुढे जावे तेव्हा 1 फूट वर! शेजारच्या सडकेने आपली लहान मोटार चढते, तिला मात्र रेटणारे कोणी नसते. आत पाच माणसे, डिकीत सामान, आणि त्यातून गाडी आपोआप गियर बदलणारी.

2014 साली मारुतीच्या सेलेरिओने ही सोय आपल्याकडे लहान गाडीत, बेताच्या किमतीत आणली. इंजिन 998 सी.सी.चे. पायाशी क्लच दिसत नाही, तेव्हा पुष्कळांना वाटते की क्लच नाहीच. अहो, आहे की! चकती तीच, गियरबॉक्सही नेहमीचाच. डाव्या पायाचे काम तेवढे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्राकडे गेले.

आता घात कुठे होतो पाहा. पुढे ट्रक अडतो, रांग थांबते. चालक ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर किंचित दाबतो आणि गाडी चढावर तशीच तोलून धरतो. त्या वेळी क्लच अर्धवट लागलेला असतो. इंजिन फिरते आहे, चाके जागच्या जागी आहेत. मग इंजिनाची शक्ती जाणार कुठे? चकती घासते, तापते, जळका वास सुटतो. वास आल्यावरही तसेच रेटले, तर गाडी पुढे सरकेनाशी होते. मागे मालाने भरलेला ट्रक आणि गाडीत मुलेबाळे, अशा जागी ही वेळ यावी काय? म्हणून चढावर थांबायचे ते ब्रेकवर, फार वेळ थांबायचे तर हँडब्रेक ओढून. निघतानाही हँडब्रेक ओढलेलाच असू द्यावा, ॲक्सिलरेटर दाबावा, आणि गाडी पुढे ओढते आहे असे जाणवले की मग हँडब्रेक सोडावा.

दुसरे असे, की संगणकाला पुढचे वळण दिसत नाही बरं का! तो दुसरा गियर टाकतो, जरा वेग आला की तिसरा, दम लागला की पुन्हा दुसरा. दर बदलाला क्लच सुटतो आणि आधीच बेताची असलेली गती मोडते. चढ लागण्यापूर्वीच दांडी ‘एम’वर घेऊन दुसरा गियर आपण धरून ठेवावा. उतरतानाही तसेच, न्यूट्रलमध्ये गाडी सोडून देणे हा शुद्ध अविचार. दम फारच कमी पडला, तर थंड हवेचे यंत्र घटकाभर बंद ठेवावे.

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला आणि बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येऊ लागला. पण सप्तशृंगीचा गड चढायचा तर घाट आहेच. आणि सिंहस्थातली गर्दी? तिथे दर हातभर जागेसाठी गाडी पुढे सरकवू नये. चांगली दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग एकदाच निघावे. मागचा भोंगा वाजवील; वाजवू द्या.