पांढऱ्या अन्नाचे अर्थकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणावरून)



मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, असा समज चळवळीतल्या अनेकांच्या मनात अजून पक्का आहे. गादीवर बसणारा, तूप-साखर खाणारा स्थूल शेठ आणि त्याच्यामागे पथ्याचा तगादा लावणारा डॉक्टर, हे चित्र एके काळी सर्वस्वी खोटे नव्हते. आज ते खोटे झाले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार 2021 मध्ये देशातील सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे होते. प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक, म्हणजे 26.4 टक्के आढळले. याच पाहणीचा 2017 साली प्रसिद्ध झालेला भाग तर अधिक अस्वस्थ करणारा आहे. महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंदीगड येथील शहरी भागांत सुस्थितीतल्या लोकांपेक्षा निम्न आर्थिक थरातील लोकांत मधुमेह जास्त दिसून आला. शहरातला श्रीमंत सावध होऊ लागला आणि रोग वस्तीकडे सरकला. म्हणूनच हा विषय केवळ दवाखान्याचा राहिलेला नाही. तो राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासाचा झाला आहे.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहिले पाहिजे. धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, आतला अंकुर आणि मधला पिठूळ गाभा. तंतुमय भाग, जीवनसत्त्वे व क्षार हे बहुतांशी कोंड्यात आणि अंकुरात असतात. गिरणीत हे दोन्ही काढून टाकले की उरतो तो पांढराशुभ्र गाभा, म्हणजे मैदा किंवा पॉलिशचा तांदूळ. हा गाभा झपाट्याने पचतो आणि त्याचे ग्लुकोज वेगाने रक्तात उतरते. ते हटविण्यासाठी स्वादुपिंडाला एकदम जास्त इन्सुलिन सोडावे लागते. साखर, मैदा, साबुदाणा यांची कथा एकच. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त ऊर्जा अशा अन्नातून मिळत राहिली की तिची चरबी होते, ती यकृतात व पोटाभोवती साठते आणि तेथे बसून इन्सुलिनचे काम बोथट करते. मग स्वादुपिंड थकते व रक्तातील साखर चढू लागते. वाढते वजन आणि वाढती रक्तशर्करा या बहुधा एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू असतात.

पांढऱ्या धान्याचा मोह नवा नाही आणि त्याबद्दलचा इशाराही नवा नाही. जावा बेटावर 1890 च्या दशकात ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरने पाहिले की पॉलिशच्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासहित तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचे मूळ त्यातून उलगडत गेले आणि 1929 साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजींच्या प्रेरणेने अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभारले. हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचा आग्रह त्यांनी दोन कारणांनी धरला: गावातला रोजगार टिकावा आणि अन्नाचा कस गिरणीत वाया जाऊ नये. त्या काळी अनेकांना हा यंत्रविरोधी छांदिष्टपणा वाटला. अर्थात, पहाटे उठून जात्याशी बसणाऱ्या बाईची सुटका पिठाच्या गिरणीने केली, हे विसरून चालणार नाही. कोणी तिला पुन्हा जात्याला जुंपू म्हणत असेल, तर ते प्रतिगामीच ठरेल. परंतु प्रश्न यंत्राचा नव्हताच. यंत्राने दाण्याचा किती भाग काढून घ्यावा आणि हे कोणाच्या सोयीने ठरावे, हा प्रश्न होता. कोंडा-अंकुर काढलेले धान्य व पीठ जास्त दिवस टिकते, लांबच्या बाजारात पाठविता येते आणि कारखान्याला सोयीचे पडते. व्यापाराची ही सोय हळूहळू लोकांची आवड बनली आणि पांढरेपणा प्रतिष्ठेचे लक्षण ठरला.

महाराष्ट्राच्या ताटात झालेला बदल या संदर्भात पाहावा. देशावरच्या कष्टकऱ्याचे अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगे-मटकीची उसळ, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि मिळाले तर ताक. त्या ताटात उणिवा पुष्कळ होत्या. अनेकदा ते अर्धेच भरलेले असे. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरची सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो खाऊन लाखो कुटुंबे जगली, ही आठवण अजून ताजी आहे. त्या भुकेवर हरित क्रांतीच्या गहू-तांदळाने उतारा दिला, हे मान्य करणे हीच प्रामाणिकता. पण भूक हटविण्यासाठी उभारलेली व्यवस्था तेथेच थांबली. हमीभाव, सरकारी खरेदी, गोदामे, सिंचन, संशोधन हे सारे दोन धान्यांभोवती आणि महाराष्ट्रात उसाभोवती गुंफले गेले. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, ही शेतकऱ्यांच्या संघटित शक्तीची मोठी घटना होती. परंतु पुढे उसाला जे पाणी आणि जे राजकीय वजन मिळाले, ते ज्वारीला वा तुरीला कधीच मिळाले नाही. खरिपाच्या ज्वारीची बरीच जमीन पुढे सोयाबीनने घेतली.

याचा परिणाम रेशनच्या पोत्यात दिसतो. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी 2023 पासून ते धान्य मोफत झाले. हा हक्क मोलाचा आहे. तो कमी करण्याची भाषा कोणी केली तर तिला विरोधच झाला पाहिजे. मात्र 5 किलो म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम तांदूळ-गहू, आणि त्या केंद्रीय हक्कात डाळीचा एक दाणाही नाही. घराच्या मिळकतीतून डाळ, भाजी, दूध, अंडी विकत घ्यायची म्हटले की हात आखडतो. मजुराच्या रुपयाला सर्वांत जास्त ऊर्जा मिळते ती तांदळात, मैद्यात, साखरेत आणि पामतेलात. म्हणून सकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, दुपारी वडापाव, संध्याकाळी पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि रात्री भाताचा ढीग. याला आहाराचे अज्ञान म्हणणे हा अन्याय आहे. अपुरा पगार आणि अपुरा वेळ यांच्यात माणसाने केलेला तो हिशेब आहे.

या हिशेबाची सुरुवात जन्मापूर्वीच होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. त्या खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी असूनही चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. शेतात राबणाऱ्या, अर्धपोटी आईचे मूल अशी काटकसरी देहरचना घेऊन येते आणि पुढे शहरात बैठे काम व पांढरे अन्न मिळाले की लवकर मधुमेहाकडे झुकते. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाची मर्यादा कडक धरली जाते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा आकडा 23 च्या वर गेला की सावध व्हावे. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावा. अंगाने बारीक दिसणारा पण पोट सुटलेला माणूस धोक्याबाहेर नसतो.

मग खावे काय? येथे एका नव्या भाबडेपणापासून सावध राहिले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. केंद्र सरकारने त्यांना ‘श्रीअन्न’ हे नाव दिले. नाव भारदस्त मिळाले. पण त्याची बिस्किटे निघाली आणि त्यांतही साखर आलीच. शिवाय आधी सांगितलेल्या पाहणीचा आहारविषयक भाग 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीय माणूस आपल्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून घेतो आणि पांढऱ्या पिठाच्या जागी तेवढेच गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने धोका कमी झाल्याचे दिसत नाही. पिष्टाचा एकूण वाटा थोडा घटवून तेथे डाळी, दूध-दही यांतील प्रथिने आणली, तर मात्र धोका कमी आढळतो. तात्पर्य, भाकरी चांगली. पण पाच भाकरी आणि नावापुरती आमटी हे ताट चांगले नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनेही धान्यांचा वाटा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांपुढे नेऊ नये, असे सांगितले आहे. गूळ देशी आहे म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. रक्ताला साखर आणि गूळ यांतला फरक फारसा कळत नाही.

कार्यकर्त्याच्या दिवसाचाच हिशेब मांडून पाहावा. दौऱ्यावर चार ठिकाणी चहा होतो. प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला आठ चमचे. चमचा 4 ते 5 ग्रॅमचा धरला तर 32 ते 40 ग्रॅम. दिवसभराची साखर 25 ते 30 ग्रॅमच्या आत असावी, असे ही मार्गदर्शिका सांगते. म्हणजे एकट्या चहानेच मर्यादा ओलांडली. बैठकीतली बिस्किटे, स्टँडवरचा वडापाव आणि एकादशीचा साबुदाणा अजून हिशेबात धरलेला नाही. सुधारणा अवघड नाही. चहातली साखर टप्प्याटप्प्याने कमी करावी. पाव-बिस्किटांऐवजी फुटाणे, शेंगदाणे किंवा उकडलेले अंडे घ्यावे. भात निम्मा करून उसळ व पालेभाजी दुप्पट करावी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. वजन उतरले की साखर उतरते. ब्रिटनमधील एका प्रयोगात, मधुमेहाला सहा वर्षे झालेली नव्हती अशा रुग्णांना अत्यंत मोजका आहार देऊन वजन उतरविण्यात आले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह वर्षअखेर औषधांवाचून आटोक्यात होता. मात्र एक इशारा आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने आहारातले पिष्ट डॉक्टरांना न विचारता एकदम कमी करू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनीही सल्ला घेऊनच बदल करावा. आणि चाळिशीपर्यंत थांबू नये. उपाशीपोटीची साखर 100 च्या पुढे असेल तर तो पूर्वसूचनेचा काळ होय आणि 126 किंवा त्याहून अधिक असेल तर तपासणी पुन्हा करून निदान पक्के करावे.

यावर एक आक्षेप येतो: व्यवस्था बदलल्याशिवाय व्यक्तीला पथ्य सांगणे म्हणजे दोष बळीच्या माथी मारणे होय. आक्षेपात तथ्य आहे. पण तो अर्धवट आहे. व्यवस्था बदलेपर्यंत कोणाचे डोळे, पाय आणि मूत्रपिंड थांबून राहत नाहीत. उलट, नुसते पथ्य सांगून स्वस्थ बसणे हाही पळपुटेपणाच. हे दोन्ही बरोबर चालले पाहिजे.

त्यासाठी मागण्या नेमक्या असाव्यात. रेशनवर दरमहा डाळ हा कायद्याने हक्क व्हावा. भरडधान्यांना त्या कायद्यात 2013 पासूनच जागा आहे. उणीव आहे ती खरेदीची. 2024-25 च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,371 रुपये जाहीर झाला. पण जाहीर भावाने धान्य उचलणारे कोणी नसेल तर तो भाव कागदावरच राहतो. ज्वारी-बाजरी पिकविणाऱ्या जिल्ह्यांत ती सरकारने विकत घ्यावी आणि त्याच जिल्ह्यांत वाटावी. 2020 मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण व भात ठरविण्यात आला. अशा ताटात भाताऐवजी उसळ निवडण्याची मुभा असावी. सप्टेंबर 2025 मध्ये बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आणला गेला; गोड मैदा स्वस्त करण्याची तत्परता दाखविणाऱ्या सरकारला डाळीच्या भावाबद्दल जाब विचारला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तशर्करेची तपासणी आणि औषधे कधीही खंड न पडता मिळाली पाहिजेत.

यांतली पहिली पायरी आजच चढता येईल. पुढच्या बैठकीत बिस्किटांच्या पुड्याऐवजी फुटाणे ठेवायला आणि साखर वेगळ्या वाटीत द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. रेशनच्या पोत्याबरोबर डाळीची पिशवी मिळवायची असेल, तर मात्र मोर्चा काढावा लागेल. आणि त्या मोर्च्यात चालण्यासाठी कार्यकर्त्याचे पाय शाबूत हवेत.