विजेच्या गाडीचे नवे टायर

सन १८९९ च्या एप्रिल महिन्यांत पॅरिसजवळील आशेर येथें कामीय झेनात्सी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें तासाला १०० किलोमीटर वेगाची मर्यादा प्रथम ओलांडली. त्याची गाडी पेट्रोलवर नव्हे, विजेवर चालत होती. आणि तिच्या चाकांवर हवा भरलेले मिशेलिनचे टायर होते. डनलॉपनें १८८८ सालीं हवेचा टायर व्यवहारांत आणल्याला त्या वेळीं अवघीं अकरा वर्षें झालीं होतीं. विजेची गाडी आणि रबरी टायर यांचा संसार असा जुनाच आहे. मध्यंतरीं पेट्रोलनें विजेला रस्त्यावरून हुसकून लावलें. आतां ती परतली आहे, आणि तिच्याबरोबर घरोघरीं एक नवा प्रश्नहि आला आहे: गाडीबरोबर आलेले टायर झिजले, म्हणजे त्यांच्या जागीं कोणते घ्यावे?

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. माप सांगावें, भाव विचारावा आणि चार टायर बसवून घ्यावे, असें पुष्कळांना वाटतें. परंतु प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. आषाढाच्या पावसांत घाट उतरणार्‍या गाडींतील आजी, आईवडील आणि मुलें यांचा सारा भरंवसा अशा चार तळहातांवर असतो. म्हणून ही निवड केवळ पैशांची नाहीं.

विजेच्या गाडीच्या टायरला तीन गोष्टी अधिक सोसाव्या लागतात. पहिली वजन. बॅटरीमुळें ही गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलगाडीहून शे-दोनशें किलोंनीं, पुष्कळदां त्याहूनहि अधिक जड असते. दुसरी जोर. विजेच्या मोटरचा पुरा जोर पहिल्या क्षणापासून चाकांवर येतो. शिवाय वेग कमी करतांना तीच मोटर वीज परत निर्माण करते, आणि तो ताणहि त्याच चाकांच्या रबरावर पडतो. तिसरी शांतता. इंजिनाची घरघर नसल्यामुळें टायरचा आवाज आंत बसणार्‍यांच्या कानीं स्पष्ट येतो.

टायर फिरतांना त्याचें रबर रस्त्यावर दबतें आणि पुन्हां पूर्ववत् होतें. प्रत्येक फेर्‍यांत थोडी शक्ति उष्णता होऊन जाते. पेट्रोलच्या इंजिनांत इंधनाचा मोठा भाग आधींच उष्णतेंत वाया जात असल्यानें ही गळती तेथें डोळ्यांत भरत नाहीं. विजेच्या मोटरचा अपव्यय थोडा. म्हणून येथें ती मजलेंत, म्हणजे एकदां वीज भरून जितकें अंतर जातां येतें त्यांत, चटकन् दिसते. अडचण अशी कीं, ओल्या रस्त्याला धरून राहण्याचें कामहि रबराच्या ह्याच गुणावर चालतें. गळती कमी करूं जावें, तर पकड ढिली होण्याचें भय. पकड वाढवावी, तर मजल घटते किंवा टायर लवकर झिजतो. मिशेलिननें १९९२ सालीं रबरांतील काजळीचा बराचसा भाग काढून तेथें सिलिका घातली, तेव्हांपासून हें भांडण पुष्कळ सौम्य झालें आहे. मिटलेलें मात्र नाहीं.

हें ध्यानीं ठेवून बाजारांतील चार प्रकार पाहावे. पहिला, कारखान्यांतून गाडीबरोबर आलेल्या टायरचा तोच नमुना. तो त्या गाडीशीं जुळवून घेतलेला असतो. पण कारखानदाराला मजलेचा आंकडा मोठा दाखवावयाचा असल्यामुळें त्याचें झुकतें माप पुष्कळदां मजलेकडे असतें. दुसरा, खास विजेच्या गाडीसाठीं केलेला. भारतांत २०२२ सालीं आलेला अपोलोचा अँपेरियन ह्याच जातीचा. अशा टायरांत वजन पेलणें, गळती कमी ठेवणें आणि आवाज दाबणें ह्यांवर भर असतो. कांहींच्या आंत आवाज शोषणारा स्पंजासारखा थर असतो. तो सुखकर खरा, पण पंक्चर काढतांना तेवढा भाग सोडवावा लागतो. तिसरा, इंधन वांचविणारा साधा टायर. वजनाचा आंकडा जुळत असेल, तर केवळ त्यावर विजेच्या गाडीचें नांव नाहीं म्हणून तो टाकाऊ ठरत नाहीं. चौथा, वेगवान गाड्यांचा मऊ रबराचा. त्याची पकड उत्तम. परंतु मजल घटते, आणि जड गाडीखालीं तो लवकर झिजतो.

वजनाचा हा आंकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो. २०२० सालीं आलेल्या टाटा नेक्सन ईव्हीच्या टायरचें माप २१५/६० आर १६: रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि आंतल्या रिमचा व्यास १६ इंच. मापापुढें ९५ असेल, तर एक टायर ६९० किलो पेलतो. ९९ असेल, तर ७७५. गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्याहून कमी आंकड्याचा टायर कितीहि स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. युरोपांत टायरवरील चिठ्ठींत ऊर्जेची आणि ओल्या रस्त्यावरील पकडीची प्रत निरनिराळी दिलेली असते. भारतांतील तारे प्रामुख्यानें इंधनबचतीचे असतात; ते पाहून पकडीचा निर्णय करूं नये.

आणखी एक भ्रम दूर झाला पाहिजे. नवे टायर बसवितांच मजल घटली, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते, आणि दोष नव्या टायरला दिला जातो. वस्तुतः जुन्या टायरच्या खांचा झिजून रबराचा थर पातळ झालेला असतो. दबणारें रबरच थोडें, म्हणून गळतीहि थोडी. म्हणजे ज्या टायरची मजल सर्वांत लांब, तोच साचलेल्या पाण्यावर सर्वांत आधीं तरंगूं लागतो. कायदा खांच १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर चालूं देतो. पाणी बाजूला सारण्याची त्याची शक्ति मात्र त्याच्या बरीच आधीं ओसरलेली असते.

तेव्हां क्रम असा ठेवावा: प्रथम वजनाचा आंकडा, मग ओल्या रस्त्यावरील पकड, त्यानंतर मजल, आणि शेवटीं आवाज. किंमत ह्या चौकटींत राहून पाहावी. टायर घेतल्यावर महिन्यांतून एकदां, गाडी थंड असतांना हवा तपासावी. कमी हवेचा उत्तम टायरहि मजल खातो आणि कडेनें झिजतो. मजल दहा किलोमीटरांनीं घटली, तर वाटेंत चहा घेतां घेतां वीज भरून ती उणीव भरून काढतां येते. गाडी दहा हात पुढें जाऊन थांबली, तर ते दहा हात मात्र कोठेंहि भरून मिळत नाहींत.