अनोळखी फळाची ओळख : आधी त्याचे माहेर पाहा
(गुरुकुंज मोझरी येथे शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली जेथे आश्रम उभारला, त्या गुरुकुंजात शेतीविषयी बोलण्याची संधी मिळाली, याचा मला आनंद आहे. आजचा विषय आहे नवीन फळपिकांचा, आणि त्यातही ड्रॅगन फ्रूटचा.

आज आपल्या तिवसा, मोर्शी, वरुड भागातील कितीतरी घरांतील मुले-मुली नोकरीनिमित्त परदेशी आहेत. कोणी दुबईला, कोणी सिंगापूरला, कोणी अमेरिकेत. तेथील बाजारात एखादे कधी न पाहिलेले फळ त्यांना दिसते. बाहेरून गुलाबी, अंगावर हिरवे खवले, आत पांढरा किंवा लाल गर आणि तिळासारखे काळे बी. मुलगा ते खातो, भाव विचारतो आणि घरी फोन करतो, "बाबा, संत्र्याची जुनी बाग काढा आणि हे लावा." मुलाची तळमळ खरी असते. परंतु खाणाऱ्याला फळाची चव समजली आणि भाव समजला, म्हणजे झाड समजले असे होत नाही. झाड समजून घ्यावयाचे तर त्याचे माहेर पाहावे लागते. हाच एक मुद्दा मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

बाहेरची फळे आपली कशी झाली?

नवीन फळ म्हटले की काही मंडळी नाक मुरडतात. पण जरा आपल्या बांधावर नजर टाका. पपई, पेरू, चिकू आणि सीताफळ या चारही फळांचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. सीताफळाला तर आपण सीतामाईचे नाव देऊन घरचे करून टाकले. आपल्या विदर्भाची ओळख असलेला संत्रादेखील येथला नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात रघुजीराजांनी त्या वेळच्या औरंगाबादेहून तो आणविला, असे सांगतात.

परंतु संत्रा नुसता आणून लावला म्हणून रुजला नाही. जंबेरीच्या खुंटावर डोळे बांधण्याची पद्धत बसली. पाणी तोडून झाडाला ताण कसा द्यावा, आंबिया बहार घ्यावा की मृग, हे शेतकऱ्यांनी अनुभवाने ठरविले. निचरा नसलेल्या भारी जमिनीत झाड डिंक्याने जाते, हेही आपण नुकसान सोसूनच शिकलो. बाहेरचे फळ आपले होते ते अशा समजुतीने.

विदर्भाचा माणूस मेक्सिकोत

या संदर्भात डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे स्मरण होते. वर्ध्यात बालपण गेलेले हे क्रांतिकारक देशाबाहेर पडले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत सामील झाले आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले. तेथील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका हे त्या देशाचे मूळ धान्य. खानखोजे यांनी मक्यावर आणि त्याच्या तिओसिंटे नावाच्या रानटी भाऊबंदावर संशोधन केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली त्यांचे निधन झाले.

पिकाचा अभ्यास त्याच्या मूळ घरी, रानातल्या नातलगांसह करावा, ही दृष्टी त्यांच्या कामात दिसते. योगायोगाने ड्रॅगन फ्रूटचे माहेरही तोच दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा भाग होय. तेथे त्याला पिताहाया म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी ते व्हिएतनाममध्ये नेले. तेथील लोकांनी त्याला थान लॉन्ग, म्हणजे हिरवा ड्रॅगन, असे नाव दिले आणि पुढे त्याच्या निर्यातीत जगात आघाडी घेतली. गुजरात सरकारने २०२१ साली त्याचे नाव कमलम् ठेवले. आपल्याकडे सांगली, सोलापूर, पुणे या भागांत त्याच्या बागा झाल्या. सांगली जिल्ह्यातील तडसर गावची फळे २०२१ साली दुबईला गेली.

माहेरी झाड कसे राहते?

ड्रॅगन फ्रूट हे निवडुंगाच्या कुळातील आहे. त्यामुळे पुष्कळांचा समज होतो की ते कडक उन्हाचे झाड आहे. हा समज महागात पडतो. आपल्या मूळ रानात हा निवडुंग वाळवंटात राहत नाही. तो मोठ्या झाडांच्या खोडावर, खडकांवर हवेतील मुळांनी चढतो. वरून पानांची विरळ सावली असते आणि खाली पालापाचोळ्याची, पाणी न थांबणारी जमीन असते. यावरून त्याच्या तीन गरजा लक्षात येतात : आधार, निचरा आणि थोडी सावली.

आपल्या अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत वेलीला आधार आणि सावली मिळावी म्हणून शेवरी, पांगारा लावतात. ज्याने पानमळा केला त्याला हे झाड लवकर समजेल.

वऱ्हाडात काय काळजी घ्यावी?

१. ऊन : पारा ४० अंशांच्या आसपास गेला की फांद्या पिवळ्या पडून भाजतात. आपल्याकडे मे महिन्यात तो ४४-४५ अंशांवर जातो. भाजलेल्या जागी पुढे पावसाळ्यात बुरशी शिरते आणि फांदी सडते. म्हणून मार्च ते जून शेडनेटची किंवा शेवरी, शेवग्यासारख्या विरळ झाडांची सावली द्यावी. शेडनेटचा खर्च हिशेबात धरल्याशिवाय या पिकाचा विचार करू नये.

२. जमीन : मुरमाड, हलकी, उताराची जमीन चांगली. बारामती तालुक्यातील माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खडकाळ, मुरमाड जमिनीवर या फळाचे प्रयोग केले आहेत. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. तेथे लावणे टाळावे. मध्यम जमीन असेल तर उंच गादीवाफे करून चर काढावेत.

३. आधार : सिमेंटचे सुमारे दोन मीटर उंचीचे खांब, वर कडे आणि प्रत्येक खांबाभोवती चार रोपे, ही रूढ पद्धत आहे. खांबांत तीन मीटर बाय तीन मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे ११११ खांब आणि ४४४४ रोपे लागतात. खोड वर पोहोचेपर्यंत बाजूचे फुटवे काढावेत. फुले येतात ती कड्यावरून खाली लोंबणाऱ्या फांद्यांना.

४. परागीभवन : फूल रात्री उमलते आणि सकाळी मिटते. माहेरी वटवाघळे आणि पतंग हे काम करतात. लाल गराच्या काही जातींना स्वतःचा पराग चालत नाही. अशा वेळी दोन वेगळ्या जाती जवळ लावाव्यात किंवा रात्री मऊ ब्रशने हाताने पराग लावावा. रोपे घेताना जातीचे नाव विचारून, लिहून घ्यावे.

५. काढणी आणि बाजार : फुलानंतर सुमारे महिनाभरात फळ तयार होते. जून ते नोव्हेंबर या काळात टप्प्याटप्प्याने फळे येतात. तोडलेले फळ नंतर पिकत नाही, म्हणून पूर्ण रंग आल्यावरच तोडावे. सगळ्यांचा माल एकाच हंगामात येत असल्याने भाव उतरतो. पहिल्या वर्षीचा चढा भाव कायम राहील असे धरून कर्ज काढू नये.

परदेशातून कलमे आणू नका

एक इशारा आवर्जून देतो. मुलगा सुट्टीवर येताना पिशवीत दोन फांद्या घेऊन येतो. हे कायद्याविरुद्ध आहे. प्लांट क्वारंटाइन आदेश, २००३ नुसार परवान्याशिवाय लागवडीचे साहित्य देशात आणता येत नाही. या नियमामागे कारण आहे. पपई आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे, पण तिच्या माहेरचा पिठ्या ढेकूण २००८ साली तामिळनाडूत दिसला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरून त्याने बागा उजाड केल्या. शेवटी २०१० साली पोर्टो रिको येथून त्याचे शत्रू असलेले परोपजीवी कीटक रीतसर आणवून सोडले, तेव्हा तो आटोक्यात आला. पिशवीतल्या एका फांदीतून अशी एखादी कीड गावात येऊ शकते.

मग करावे काय?

संत्र्याची बाग सरसकट तोडू नका. बागेचा ऱ्हास होत असेल तर आधी त्याचे कारण शोधा. निचरा नसल्यामुळे संत्रा वाळला असेल, तर त्याच जमिनीत ड्रॅगन फ्रूटही टिकणार नाही. ज्यांच्याकडे मुरमाड तुकडा आहे, त्यांनी दहा गुंठ्यांवर सुरुवात करावी. त्याला सुमारे ११० खांब लागतात. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे पाहावेत. खर्चाची, भाजलेल्या फांद्यांची, फळांच्या वजनाची आणि मिळालेल्या भावाची वहीत नोंद ठेवावी. त्यानंतरच क्षेत्र वाढवावे. अडचण आल्यास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांचा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

आणि परदेशातील मुलांनाही एक काम सांगा. फळाचा फोटो पाठविलास, ठीक आहे. आता ते जेथे पिकते तेथील जमीन, पाऊस, उन्हाळ्याचे तापमान आणि सावली यांची माहिती पाठव. ती माहिती आपल्या पैशाचे रक्षण करील.