गेन वेगळा, व्हॉल्यूम वेगळा

आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगणार आहोत. सांगायला लाज वाटते. पण तुमच्यातल्या किती तरी जणी आता घरोघरी जाऊन आजीबाईंच्या ओव्या रेकॉर्ड करू लागल्या आहेत, म्हणून सांगतो.

चिखलीकडच्या आमच्या गावात एक आजी होती. वय ऐंशीच्या पुढचं, पण जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ. श्रावणात आम्ही चौघी छोटा रेकॉर्डर आणि हेडफोन घेऊन तिच्या घरी गेलो. पंखा बंद केला, कोंबड्या बाहेर हाकलल्या, अडगळीतलं जातं पुसून मांडलं. आजीनं लाजत, हळू आवाजात दोन ओव्या म्हटल्या. हेडफोनमध्ये आवाज बारीक येत होता, म्हणून आमच्यातल्या एकीनं एक चकती फिरवली. आवाज मोठा झाला. आम्ही खूश!

ती चकती गेनची होती. हेडफोनच्या व्हॉल्यूमची चकती दुसऱ्या बाजूला होती, तिकडं कुणी पाहिलंच नाही.

मग आजीला सूर सापडला. बापाच्या ओव्या झाल्या, भावाच्या आल्या, आणि आवाज घरभर झाला. आम्हीही मागून सूर धरला, हेडफोन मांडीवर पडून राहिले. रेकॉर्डरवर लाल दिवा लुकलुकत होता. आम्हाला वाटलं, रेकॉर्डिंग चालू असल्याचाच तो दिवा.

संध्याकाळी ऐकलं, तर पहिल्या दोन ओव्या छान आणि पुढचं सगळं फाटलेलं, जत्रेतल्या भोंग्यासारखं. व्हॉल्यूम कमी करून पाहिला. आवाज लहान झाला, पण फाटलेलाच राहिला. आजीला ऐकवलं तर म्हणाली, "असं काहून वाजते व माय? मी का भांडत होती?" पुन्हा येतो म्हटलं. तेवढ्यात सोयाबीनची काढणी आली, मग दिवाळी. दिवाळीनंतर आजी गेली.

आता त्या दोन चकत्यांचं सांगतो. माइकमधून आलेला आवाज यंत्रात किती वाढवून घ्यायचा, ते गेन ठरवतो. यंत्रातला आवाज आपल्या कानाला किती मोठा ऐकू यावा, ते व्हॉल्यूम ठरवतो. एक आत येतानाचा, दुसरा बाहेर जातानाचा. व्हॉल्यूम कितीही फिरवा, रेकॉर्ड झालेलं बदलत नाही.

पायलीनं ज्वारी मोजताना काठावर शीग चढते. काठावरून हात फिरवला की शीग खाली पडते. रेकॉर्डरचंही एक माप आहे आणि त्याचा काठ म्हणजे पडद्यावरची शून्याची खूण. त्याच्या वर जाणारा आवाज कापला जातो. सांडलेली ज्वारी गोळा करता येते, कापलेला आवाज कुठंच उरत नाही. कॉम्प्युटरवर दुरुस्त होतं म्हणणारे भेटतात. थोडं गुळगुळीत होतं, पण आजीचा गळा काही परत येत नाही.

म्हणून गेन अगदीच कमी ठेवला तर? मग नंतर आवाज वाढवताना यंत्राची सरसर आणि बाहेरचा ट्रॅक्टरही वाढतो. तरी आम्ही म्हणू, दोन्हीतलं एक निवडायची वेळ आली तर कमी बरा.

गेन लावायचा तो सगळ्यात मोठ्या आवाजावर. सुरुवातीच्या लाजऱ्या ओवीवर लावला, तिथंच आम्ही फसलो. आजीबाईंना आधी चार ओव्या म्हणू द्या, चहा घ्या, गळा मोकळा झाला की गेन ठरवा. मोठ्यातला मोठा आवाज उणे १२ च्या आसपास यावा, शून्याला कधीच लागू नये. माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला धरा, म्हणजे 'प', 'फ'चा श्वास त्यावर आदळत नाही. जात्याची घरघर हवीच, पण माइक जमिनीवर ठेवला तर नुसती घरघरच येते. स्टुलावर टॉवेलची घडी करून त्यावर ठेवा.

मोबाइलवर बहुतेक वेळा गेन आपोआप कमीजास्त होतो. आजी श्वास घ्यायला थांबली की तो वाढतो आणि पंख्याची घूंघूं वर येते. तिथं अंतर हीच आपली चकती. आवाज चढला की मोबाइल थोडा मागं घ्या.

एवढी खटपट कशाला, असं आमच्या घरीही विचारतात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हां यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी आवाजात रेकॉर्ड केल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. कागदावर शब्द राहतात. पण भावाचं नाव घेताना बाई कुठं थांबते, ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

आजीच्या लेकीनं ते रेकॉर्डिंग मागून घेतलं. आम्ही म्हटलं, फाटलंय ते. ती म्हणाली, द्या तसंच. पहिल्या दोन ओव्या ती रोज ऐकते, पुढं जात नाही.

येत्या सोमवारी आम्ही आजीच्या नणंदेकडं जातोय. या वेळी गेनच्या चकतीला लाल नेलपॉलिश लावलंय, आणि एकीनं हेडफोन कानावरून काढायचे नाहीत, सूर धरायचा नाही, असं ठरलंय. ती एक कोण, यावरून मात्र अजून भांडण चालू आहे.