इन्सुलिन पेनांची निगा : घरी आणि तीर्थयात्रेत



मधुमेह नाही असे घर आज शोधूनच काढावे लागेल. औषधाच्या गोळ्या, पथ्य, सकाळचे चालणे याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. परंतु ज्यांना रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, त्यांच्या हातातील त्या लहानशा पेनाची निगा कशी राखावी, याविषयी फारसे बोलले जात नाही. औषध नियमाने घेतले, मात्राही बरोबर घेतली, तरी पेनातील औषधच निकामी झाले असेल तर सारे व्यर्थ ठरते. म्हणून आजचा विषय या निगेपुरताच ठेवला आहे.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मधुमेही मुलाला देण्यात आले. त्यानंतर कित्येक दशके ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. अहिंसाधर्म पाळणाऱ्या अनेकांच्या मनात यामुळे संकोच असे. १९८२ पासून जिवाणूंच्या साह्याने तयार केलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध झाले. आज प्रचलित असलेली पेने अशाच पद्धतीने, जिवाणू किंवा यीस्ट यांच्या साह्याने, बनविलेल्या इन्सुलिनची असतात. जुन्या समजुतीमुळे कोणी वडीलधारे उपचार टाळत असतील, तर त्यांना हे अवश्य सांगावे.

इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. उष्णतेने ते हळूहळू निष्प्रभ होते आणि गोठले तर एकदमच बिघडते. न उघडलेली पेने २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात, म्हणजे फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवावीत. फ्रिजचे दार वारंवार उघडते, त्यामुळे दारातील कप्प्यात तापमान सतत बदलत राहते. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून पेन कधीही ठेवू नये. एकदा गोठलेले पेन नंतर वितळले, दिसायला ठीक वाटले, तरी ते वापरू नये.

वापरात घेतलेले पेन साधारणपणे ३० अंशांच्या आत, उन्हापासून दूर, टोपण लावून ठेवावे. पुष्कळ पेनांची मुदत उघडल्यापासून २८ दिवसांची असते, काहींची कमी किंवा अधिक असते. पेटीतील माहितीपत्रकात ती दिलेली असते. पेन उघडल्याची तारीख त्यावर चिकटपट्टी लावून लिहिली, तर स्मरणशक्तीवर भार पडत नाही. मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाची अन्य औषधांची पेनेही आता आली आहेत. त्यांनाही थंडावा हवा आणि गोठणे वर्ज्य, हा नियम लागू आहे, मुदती मात्र वेगळ्या आहेत.

विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि वीजही जाते. अशा वेळी जुनी युक्ती उपयोगी पडते. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी, ती पाण्याने ओली ठेवावी आणि आतल्या मडक्यात कोरड्या डब्यात पेन ठेवून वर ओले फडके झाकावे. पाण्याची वाफ होताना आतली उष्णता निघून जाते. कोकणच्या दमट हवेत मात्र पाणी लवकर वाळत नाही, त्यामुळे तेथे या उपायाचा लाभ कमी.

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट ध्यानी घ्यावी. उन्हाने निकामी झालेले इन्सुलिन पुष्कळदा दिसायला पूर्वीसारखेच असते. रंग बदलणे, गुठळ्या होणे, स्वच्छ औषध गढूळ होणे ही बिघाडाची लक्षणे खरीच, पण ती दिसली नाहीत म्हणून औषध चांगलेच आहे असे नव्हे. आहार तोच, मात्रा तीच आणि तरीही रक्तातील साखर चढत चालली, तर आपल्या मनाने मात्रा वाढवू नये. पेनाची शंका घ्यावी, नवे पेन काढावे आणि डॉक्टरांना कळवावे. ज्यांचे शरीर स्वतः इन्सुलिन बनवीतच नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न काही तासांत जिवावर बेतू शकतो.

आता प्रवासाविषयी. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तापमान ५० अंशांच्या वर जाऊ शकते. बसच्या डिकीचीही तीच गत. म्हणून पेन सदैव स्वतःजवळच्या पिशवीत असावे. विमानप्रवासात ते सामानात देऊ नये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावे. बर्फाची पिशवी घेतल्यास ती टॉवेलात गुंडाळावी. बर्फ पेनाला थेट लागला तर औषध गोठण्याची भीती असते. टोचून झाल्यावर सुई काढून टाकावी. सुई तशीच राहिली तर औषध गळते आणि आत हवा शिरते. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवाव्यात, धर्मशाळेच्या केरात टाकू नयेत. तो केर उचलणाऱ्या हातांचाही विचार आपणच करावयाचा आहे. एकाचे पेन दुसऱ्याने, सुई बदलूनही, कदापि वापरू नये.

आपल्या समाजातील वयस्कर मंडळींचा मोठा प्रवास म्हणजे तीर्थयात्रा. सम्मेदशिखरजीला जावयाचे तर पारसनाथ स्थानकापर्यंत एक दिवसाहून अधिक रेल्वेप्रवास घडतो आणि पुढे पहाटेच्या अंधारात सुरू होणारी सुमारे २७ किलोमीटरची वंदना. चढताना श्रमाने साखर एकाएकी उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची लक्षणे आहेत. तेव्हा तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज त्वरित द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. डोंगरावर काही न घेण्याचा नियम, एकासन, उपवास किंवा चौविहार पाळावयाचा असेल, तर इन्सुलिनची मात्रा आणि वेळ यांचा विचार यात्रेपूर्वीच डॉक्टरांशी करावा. लागतील त्याहून अधिक पेने घ्यावीत आणि ती दोन पिशव्यांत विभागून, एक पिशवी सोबतच्या नातलगाकडे द्यावी.

अनेक जण यात्रासंघात आपला आजार लपवितात. इतरांना त्रास नको, आपल्यासाठी बस थांबायला नको, ही त्यामागची भावना असते. ती समजण्यासारखी आहे, पण घातक आहे. बेशुद्ध पडलेल्या यात्रेकरूला काय झाले आहे हे सोबत्यांना ठाऊकच नसेल, तर मदत तरी कोणती करणार?

यावर उपाय साधा आहे. यात्रेच्या नावनोंदणीच्या अर्जात एक ओळ वाढवावी : ‘इन्सुलिन घेता काय? औषध कोणत्या पिशवीत आहे? सोबत कोण आहे?’ प्रत्येक बसमधील एका कार्यकर्त्याजवळ ही माहिती आणि साखरेची पुडी असावी. मुक्कामाच्या धर्मशाळेत फ्रिजची सोय आहे किंवा नाही, हे व्यवस्थापकांना आधीच विचारून ठेवावे. एवढे केले, तर निघालेला प्रत्येक यात्रेकरू सुखरूप घरी परतण्यास मोठे साह्य होईल.