बेल्टच्या टोकाला बसलेला माणूस



26 ऑक्टोबर 1992. त्या सोमवारी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेनं कागद बंद करून संगणक सुरू केला. तोवरची पद्धत साधी होती. फोन आला की नियंत्रण कक्षातला कर्मचारी छापील फॉर्मवर तपशील लिहायचा, नकाशाच्या पुस्तकात जागा शोधायचा आणि फॉर्म कन्व्हेयर बेल्टवर ठेवायचा. बेल्टच्या टोकाला बसलेला माणूस ते फॉर्म विभागवार वाटायचा. एकाच अपघाताचे चार फोन आले असतील, तर ते त्याच्याच नजरेला पडायचे. दिवसाला दोन हजारांहून जास्त फोन यायचे, आणि फोन आल्यापासून तीन मिनिटांत गाडी निघावी हा निकष होता. कागदाच्या वाटेनं तो गाठणं अवघड होत चाललं होतं. म्हणून ठरलं, की जागा संगणक शोधेल, जवळची गाडी संगणक निवडेल आणि हुकूमही तोच पाठवेल.

एका दिवसात सगळं कोलमडलं. गाड्यांमधल्या कर्मचाऱ्यांनी गाडीची स्थिती कळवणारी बटणं दाबली नाहीत, किंवा चुकीच्या क्रमानं दाबली. काही ठिकाणी रेडिओ पोचला नाही. गाडी एकीकडे आणि संगणकाच्या लेखी दुसरीकडे, असं होऊ लागलं. एका रुग्णाकडे दोन गाड्या गेल्या, दुसऱ्याकडे एकही नाही. वाट पाहून थकलेले नातेवाईक पुन्हा फोन करू लागले, त्यामुळे फोनांची रांग आणखी वाढली. सूचनांची यादी इतकी लांबली, की जुन्या सूचना पडद्यावरून वर सरकून दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या कामासाठी माणसं परत बसवावी लागली. 28 तारखेला मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. 4 नोव्हेंबरला उरलेली यंत्रणाही गोठली.

बिझनेस ॲनालिस्टनं हे प्रकरण जवळून अभ्यासावं, कारण तिथं रिक्वायरमेंटचा दस्तऐवज होता, आणि तो चांगला तपशीलवार होता. उणीव होती ती माणसांची. ज्यांनी गाडी चालवायची आणि स्ट्रेचर उचलायचं, त्यांना तो लिहिताना फारसं कुणी विचारलंच नव्हतं. ‘प्रत्येक गाडी कुठं आहे हे यंत्रणेला माहीत असेल’ हे वाक्य रिक्वायरमेंटसारखं दिसतं, पण ती एक समजूत आहे. यंत्रणेला ते सांगणार कोण? जखमी माणसाला गाडीत घेत असलेला कर्मचारी, रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला, योग्य क्रमानं बटणं दाबून. शिवाय नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीच घेऊन निघणंही तिथं घडत असे. एखाद्या ठाण्यावर एक पाळी बसून काढली असती, तरी हे समोर आलं असतं.

आणि तो बेल्टच्या टोकाचा माणूस! प्रोसेस मॅपवर त्याच्या वाट्याला एक चौकट येते: ‘फॉर्म गोळा करणे’. तो करत असलेली ओळख, जुळवणी, शंका घेणं, यातलं काहीच त्या चौकटीत मावत नाही. आपल्या कार्यालयांतही असा माणूस असतो. बहुतेक वेळा तो कारकून असतो, आणि मीटिंगला त्याचे साहेब येतात.

म्हणून या व्यवसायातलं पहिलं कौशल्य म्हणजे शेजारी बसून काम पाहणं. ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं, की माणूस नियम सांगतो. ‘काल शेवटचं प्रकरण कोणतं हातावेगळं केलंत, ते दाखवा’ म्हटलं, की तो ड्रॉवर उघडतो. त्यात चिठ्ठ्या असतात, लाल पेनाच्या खुणा असतात. ईआरपी येऊन वर्षं लोटली तरी गुपचूप चालू ठेवलेली एक एक्सेल फाइलही असते. ती फाइल ज्यानं मागून घेतली आणि तिचा एकेक रकाना कशासाठी हे समजून घेतलं, त्याचं निम्मं काम झालं.

घरचं उदाहरण सातबाऱ्याचं. एक पान. मालक, क्षेत्र, पीक. नवखा ॲनालिस्ट तीन फील्ड आखून मोकळा होईल. मग भावाभावांचं सामाईक खातं समोर येतं. इतर हक्कांत कुळाचं नाव आणि बँकेचा बोजा येतो, पोटखराबा येतो. जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. म्हणजे इथं ‘डिलीट’ हे बटणच चालणार नाही. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं आणि शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यांत. एक गुंठा सुमारे 101 चौरस मीटर, एक आर 100. फरक किरकोळ वाटतो. पण 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर नष्ट झालं, ते एका गटानं पौंडात दिलेले आकडे दुसऱ्यानं न्यूटनमध्ये धरल्यामुळे. एकक विचारायला कुणी लाजू नये.

सातबाऱ्यातलं सगळ्यांत मोलाचं शिक्षण मात्र फेरफारात आहे. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस थांबतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. प्रक्रिया वेगवान करायला आलेल्याला ते 15 दिवस वाया गेलेले दिसतील. पण वारसांच्या यादीतून बहिणीचं नाव गळलं असेल, तर बोलायची तिची संधी याच दिवसांत असते. वेळखाऊपणा आणि कुणाचा तरी हक्क, हे दोन्ही प्रोसेस मॅपवर एकसारखेच दिसतात. ते वेगळे काढायला कायदा वाचावा लागतो, आणि खोलीत नसलेल्या माणसाचा विचार करावा लागतो. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानंच मोबाइलवरून पिकाची नोंद करायची सोय आली. बदल चांगला, पण काम तलाठ्याच्या वहीतून शेतकऱ्याच्या खिशात गेलं. मग ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याचं काय, हा प्रश्न ॲनालिस्टनं पहिल्याच बैठकीत मांडायचा असतो.

नोटेशन, टूल, युजर स्टोरी यांबद्दल इथं फार बोलण्याची गरज नाही. ते महिन्याभरात शिकता येतं. साइन-ऑफच्या दिवशी तोंड उघडणं मात्र अवघड जातं. लंडनची यंत्रणा सुरू झाली, तेव्हा 81 ज्ञात दोष शिल्लक होते, आणि पूर्ण भाराखाली तिची चाचणी झालेली नव्हती. अशा वेळी 81 ओळींची यादी पुढं सरकवून भागत नाही. ‘यातल्या या तीन दोषांमुळे गाडी पोचणार नाही, ते सुटल्याशिवाय सुरू करू नका’ असं कुणीतरी ठणकावून म्हणावं लागतं. ते म्हणण्याचा अधिकार शेजारी बसून काम पाहिलेल्यालाच असतो, आणि त्यानं तो वापरलाच पाहिजे.

त्याच रुग्णवाहिका सेवेनं पुढं नवी यंत्रणा उभी केली. या वेळी घाई नव्हती. कर्मचाऱ्यांना नमुने दाखवले, त्यांची मतं घेतली, मगच पुढचं पाऊल टाकलं. 1996 च्या सुरुवातीला फक्त फोन घेण्याचा भाग संगणकावर आला, बाकीचं टप्प्याटप्प्यानं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीनं तिला पुरस्कार दिला.